पनीरच्या लॅब रिपोर्टमध्ये कोलिफॉर्म ८० आलेत. माल द्यावा की थांबावं?

कृष्णाकाठ:

नमस्कार. कराडजवळच्या खेड्यात आमचा सहा म्हशींचा गोठा आहे. आधी सगळं दूध डेअरीला घालायचो. आता संध्याकाळचं घालतो आणि सकाळच्या दुधाचं मी पनीर करते. उन्हाळ्यात चक्का, आणि म्हैस व्यायली की खरवस. खरवसाला तर पुण्याच्या नणंदा आधीपासून नंबर लावून बसलेल्या असतात. एफएसएसएआयची नोंदणी काढली आहे, पाकिटावर नंबर छापते. आतापर्यंत गिऱ्हाईक म्हणजे गाव, हायवेवरचे दोन ढाबे आणि शाळेतल्या बाई.

आता शहरातल्या एका केटररनं आठवड्याला वीस किलो मागितलंय. त्याची अट एकच, लॅबचा रिपोर्ट पाहिजे. मी फ्रीजमधलं एक पाकीट उचलून लॅबला दिलं. रिपोर्ट असा आला, आकडे एका ग्रॅममधले:

एकूण जिवाणू: २ लाख १० हजार
कोलिफॉर्म: ८०
ई. कोलाय: १० पेक्षा कमी
स्टॅफिलोकॉकस ऑरियस: १० पेक्षा कमी
यीस्ट आणि बुरशी: १२०
साल्मोनेला: २५ ग्रॅममध्ये आढळला नाही
लिस्टेरिया: २५ ग्रॅममध्ये आढळला नाही

लॅबमधल्या मुलीला फोन केला तर म्हणाली, "मॅडम, थोडं बॉर्डरवर आहे, पुढच्या वेळी नीट येईल." केटररनं खालच्या दोन ओळी वाचल्या आणि खूश झाला. आमचे हे म्हणतात, तो घ्यायला तयार आहे तर तू कशाला खोडा घालतेस? पण मला झोप लागेना. दूध मी खळखळून उकळते. कोलिफॉर्म म्हणजे शेणामातीतले जंतू असं वाचलं. मग उकळलेल्या दुधात ते आले कुठून? आणि दर आठवड्याला लॅबला पैसे भरायचे तर मार्जिन सगळं तिकडंच जाईल. आपल्या मालात धोका किती आहे हे घरच्या घरी कसं जोखायचं? या केटररकडं डोहाळजेवणाच्या ऑर्डरी बऱ्याच असतात, हे त्याच्याच तोंडून कळलं. जास्त धाकधूक त्याचीच आहे.

पेठेतला:

ताई, उगाच घाबरताय. आमच्या आजीनं आयुष्यभर विना-लॅब सगळं खाऊ घातलं, कुणाला काही झालं नाही. हे रिपोर्ट म्हणजे पैसे काढायचे धंदे. तुमच्या हातचं ताजं पनीर पिशवीतल्या रबरापेक्षा केव्हाही चांगलंच असणार. द्या बिनधास्त.

लॅक्टोमीटर:

पेठेतले साहेब, तुमच्या आजीनं पनीर केलं नसणार. आपल्याकडं दूध मुद्दाम नासवणं म्हणजे अपशकुन. नासलंच तर साखर घालून आटवायचे आणि घरातच संपवायचे. आजीचं काही बिघडलं नाही त्याचं कारण तेच. चुलीवरनं उतरलं, ताटात वाढलं, तासाभरात पातेलं घासायला गेलं. जंतूंना वाढायला वेळच नव्हता. ताईंचं पनीर सकाळी होणार, फ्रीजमध्ये राहणार, मोटारसायकलवरनं शहरात जाणार, केटररच्या फ्रीजमध्ये दोन दिवस काढणार आणि दोनशे माणसांच्या पंगतीत जाणार. इथं आजीचा दाखला चालत नाही.

ताई, माझी सगळी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत झाली. आता घरी असतो, बागेला पाणी घालतो आणि असले धागे वाचतो. तुमचा रिपोर्ट मी खालून वर नाही, मधून वाचतो.

साल्मोनेला नाही, लिस्टेरिया नाही, या दोन ओळी बघून केटरर खूश झाला ना? त्यांचा अर्थ इतकाच, की त्या एका पाकिटातल्या त्या २५ ग्रॅममध्ये सापडले नाहीत. हिशेब करून बघा. शंभर पाकिटांपैकी दहा खराब आहेत असं धरा, म्हणजे परिस्थिती भयंकरच. त्यातलं एक पाकीट उचलून तपासलं तर ते स्वच्छ निघण्याची शक्यता ९० टक्के. पाच उचलली तरी पाचही स्वच्छ निघण्याची शक्यता साधारण ५८ टक्के. आणि शंभरात एकच खराब असेल तर पाच तपासूनही ९५ टक्के वेळा ते हातून निसटणार. म्हणून तयार माल तपासून कुणी सुरक्षिततेची हमी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. अंतराळवीरांचं जेवण तयार करताना अमेरिकेत १९६० च्या दशकात हाच प्रश्न पडला होता. खात्री होईपर्यंत तपासत बसलं तर खायला काही उरत नाही. त्यातूनच माल तपासण्यापेक्षा माल ज्या वाटेनं होतो ती वाट तपासायची पद्धत आली. त्यालाच आता हॅसप म्हणतात.

कायद्यातसुद्धा जंतूंचे बरेच निकष एका नमुन्यावर नसतात. पाच नमुने घ्यायचे. छोटा एम ही चांगल्याची हद्द, मोठा एम ही वाईटाची. पाचातले ठरावीक, बहुतेक ठिकाणी दोन, या दोघांच्या मध्ये आले तर चालतात. मोठ्या एमच्या वर मात्र एकही चालत नाही. साल्मोनेलाला सूट नाही, तो पाचही नमुन्यांत नसलाच पाहिजे. तुमच्याकडं नमुना एकच, त्यामुळं "बॉर्डरवर" या शब्दाला काही अर्थ नाही. पाचातला तो सगळ्यात चांगला होता की सगळ्यात वाईट, हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि त्या मुलीलाही.

तुमच्या रिपोर्टमधली खरी बातमी कोलिफॉर्मच्या ओळीत आहे. दूध ६३ अंशावर अर्धा तास ठेवलं किंवा ७२ अंशावर १५ सेकंद, तरी कोलिफॉर्म मरतात. तुम्ही तर खळखळून उकळता. म्हणजे उकळीतून एकही जिवंत सुटलेला नाही. हे ८० उकळीनंतर आलेत. यीस्ट-बुरशीचंही तेच, उकळीत ते टिकत नाहीत. मग तुमच्या पनीरला उकळीनंतर काय काय लागलं? हात, कापड, पाट, सुरी, पाणी, फ्रीज, पिशवी. चोर यांच्यातच आहे. कोलिफॉर्म स्वतः सहसा कुणाला आजारी पाडत नाहीत, ते फक्त दार उघडं आहे एवढं सांगतात. आज त्या दारातून ८० साधे आले, उद्या त्याच दारातून वाईट येईल.

पनीरबाबत दुसरी गोष्ट अशी, की त्याला स्वतःचं संरक्षण नाही. दही-चक्का आंबट असतो. खव्यात पाणी कमी. लोण्या-तुपाचं तर विचारूच नका, तुपात जंतूला प्यायला पाणी नाही. पनीरमध्ये मात्र निम्म्याहून थोडं जास्त पाणी, आंबटपणा नावाला, आणि प्रथिनं भरपूर.

लिस्टेरियाची भीती याचसाठी. १९८५ साली लॉस एंजेलिस भागात मेक्सिकन पद्धतीच्या मऊ ताज्या चीजमुळं मोठी साथ आली होती. ते चीज ओलसर आणि कमी आंबट, म्हणजे आपल्या पनीरच्याच जातीचं. १४२ जण आजारी पडले, ४८ दगावले. त्या ४८ मध्ये २० पोटातली बाळं होती आणि १० नवजात. लिस्टेरिया फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. गरोदर बाईला स्वतःला थोडा ताप, अंगदुखी, इतकंच जाणवतं, आणि घाव बाळावर बसतो. लक्षणं यायला कधी कधी दोन महिनेही लागतात, त्यामुळं कुठल्या घासातून आलं हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. डोहाळजेवणाचं नाव काढून तुम्ही योग्य तेच विचारलंत. धोका जोखताना जंतू किती हा अर्धा प्रश्न झाला, खाणारं कोण हा उरलेला अर्धा. ढाब्यावरच्या ट्रक ड्रायव्हरला जे चालून जातं ते सातव्या महिन्यातल्या पोरीला चालत नाही.

आता मला एवढं सांगा. उकळीपासून पाकिटापर्यंत काय करता ते जसं करता तसं लिहा. लाजू नका. पाणी कुठलं, कापड कसं धुता, पनीर गार कशात करता, फ्रीज कोणता. मग बोलू.

गोठाडॉक्टर:

लॅक्टोमीटर काकांनी उकळीनंतरचं सांगितलं, मी उकळीच्या आधीचं सांगतो. कारण "उकळलं की सगळं मरतं" या वाक्यात एक भोक आहे.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस. म्हशीला दगडी, म्हणजे काससूज, झाली की कासेतून येतो, आणि माणसांतही तिघा-चौघांत एकाच्या नाकात तो मुक्कामाला असतोच. जंतू स्वतः उकळीत मरतो. पण दूध गरम हवेत तासन्‌तास पडून राहिलं आणि तो मिलीलिटरला लाखाच्या घरात गेला, की दुधात विष सोडतो. हे विष उकळून जात नाही. जपानमध्ये २००० साली स्नो ब्रँड या मोठ्या कंपनीच्या दुधातून १३ हजारांहून जास्त लोकांना विषबाधा झाली. आधी ओसाकाच्या कारखान्यातल्या एका व्हॉल्व्हवर संशय गेला. पुढं तपासात निघालं, की होक्काइदोमधल्या त्यांच्या पावडरच्या कारखान्यात मार्चअखेर सुमारे तीन तास वीज गेली होती. तेवढ्यात दूध कोमट राहिलं आणि विष तयार झालं. पावडर करताना जंतू मेले, विष तसंच राहिलं, आणि जूनमध्ये ती पावडर दुधात मिसळली गेली. वीज गेली तीन तास. आपल्याकडं भारनियमनाच्या दिवसांत याची कुणाला बातमीही वाटणार नाही.

तेव्हा ताई, धार काढल्यापासून दूध चुलीवर चढेपर्यंत किती वेळ जातो ते घड्याळ लावून बघा. पाहुणे आले, मुलांचे डबे होते, म्हणून सकाळचं दूध अकरापर्यंत चरवीत राहत असेल तर त्या दिवशीचं पनीर करूच नका. स्टॅफचं विष अंगात गेलं की साधारण दोन ते चार तासांत उलट्या सुरू होतात. म्हणजे पंगत उठायच्या आतच. आणि तुमच्या रिपोर्टमध्ये स्टॅफ १० पेक्षा कमी आहे म्हणजे विष नाही, असं होत नाही. ती तपासणी जिवंत जंतू मोजते.

दगडीसाठी रोज पहिल्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत काढून बघा. गुठळ्या, पाण्यासारखं दूध, लालसर छटा दिसली की ते दूध वेगळं. आणि सडात औषधाची ट्यूब सोडली असेल तर डॉक्टरनं सांगितलेले दिवस ते दूध पनीरलाही नाही आणि चक्क्यालाही नाही. चक्क्याला तर दुहेरी नुकसान. औषधानं विरजण मारलं जातं, दही लागत नाही, आंबटपणा चढत नाही, आणि त्या सवडीत नको ते जंतू वाढतात.

खरवसाबद्दल मी जरा कडक आहे. चीक उकळता येत नाही, फुटतो, म्हणून आपण वाफवतो. ते ठीक. पण वड्या मध्यभागी नुसत्या थरथरत्या काढायच्या नाहीत. मधोमध वाफ निघेपर्यंत शिजलं पाहिजे. ज्या म्हशीचा गाभ सातव्या-आठव्या महिन्यात गेला असेल किंवा वार अडकली असेल तिचा चीक कुणालाच देऊ नका, तिची ब्रुसेलाची तपासणी करा. ब्रुसेलोसिस माणसाला होतो. ताप येतो-जातो, रात्री घामानं अंथरूण भिजतं, सांधे धरतात, आणि दीड महिना औषधं घ्यावी लागतात. वार हातानं काढणारे आम्ही आणि धारोष्ण दुधाचे शौकीन, दोघेही एकाच रांगेत असतो. ४ ते ८ महिन्यांच्या पारड्यांना याची लस आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती सरकारी दवाखान्यात मिळते. फक्त पारड्यांनाच, रेड्यांना नाही आणि गाभण जनावराला तर नाहीच. पारड्या असतील तर टोचून घ्या.

कृष्णाकाठ:

डॉक्टर, काका, वाचून अंगावर काटा आला. पण बरं झालं विचारलं.

दुधाचं म्हणाल तर धार साडेपाचला, सातच्या आत गॅसवर असतं. दगडीची म्हैस सध्या नाही. पारड्या दोन आहेत, सोमवारी दवाखान्यात विचारते.

आता उकळीनंतरचं. गॅस बंद करून थोडं निवू देते. मग सायट्रिक ॲसिडचं गरम पाणी घालून फाडते. पांढऱ्या सुती कापडात बांधते. कापडं दोन आहेत, आलटून पालटून. साबणानं धुऊन दोरीवर वाळत घालते. पावसाळ्यात कधी कधी दमट राहतात, खरं सांगते. बांधलेलं पनीर लाकडी पाटावर ठेवून वर पाट्याचा दगड. अर्ध्या-पाऊण तासानं काढून मोठ्या टबात गार पाण्यात सोडते, म्हणजे घट्ट होतं. पाणी बोअरचं, त्यात बर्फाची लादी फोडून टाकते. बर्फ शेजारच्या गावातल्या कारखान्यातला, मासेवालेही तिथनंच नेतात. दोन तासांनी काढून सुरीनं कापून पाकिटात. फ्रीज घरातलाच, त्यात भाजी-दूधही असतं. लाइट जाते अधूनमधून.

बोअर गोठ्याच्या मागं आहे. उकिरडा तिथनं फार लांब नाही. हे लिहितानाच लक्षात आलं.

लॅक्टोमीटर:

आलं ना लक्षात? मग माझं अर्धं काम झालं.

पहिला बर्फ. मासेवाले नेतात तो बर्फ माल गार ठेवायला केलेला असतो, खायला नाही. तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही, आणि लादी कुठल्या फरशीवरून ओढत आणली, कुठल्या पोत्यात गुंडाळली हे तुम्ही पाहिलेलं नसतं. खाण्याचा नसलेला बर्फ निळा करावा, हा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला तो लोक असा बर्फ उसाच्या रसात नि गोळ्यात वापरत होते म्हणून. उद्यापासून तो बर्फ बंद. पिण्याचं पाणी आदल्या रात्री उकळायचं, झाकून निववायचं, झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवायचं. टबातलं पाणीही उकळून गार केलेलंच. आमच्या डेअरीत पनीर ज्या पाण्यात सोडायचे तेसुद्धा पाश्चराइज करून ४ ते ६ अंशांपर्यंत गार केलेलं असायचं. लोकांना वाटतं पनीर दुधानं बिघडतं. मी जितकी बिघडलेली पाहिली त्यातली बरीचशी पाण्यानं बिघडलेली होती.

कापड दुसरं. दुधाचा अंश राहिलेलं दमट कापड म्हणजे जंतूंना लग्नघर. साबणानं धुतलं की पुन्हा पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळा, उन्हात कडक वाळवा. पावसाळ्यासाठी सहा कापडं करा आणि इस्त्री फिरवा. दमट कापड हातात आलं तर वापरू नका. लाकडी पाट काढून टाका, लाकडाच्या भेगा धुवून निघत नाहीत. स्टीलचं ताट, त्यावर स्टीलचंच वजन, दगड लागलाच तर तो बाहेरून पनीरला न लागता.

सुरी, टब, ताट आधी साबणानं घासायचं, मग क्लोरीनचं पाणी. बाजारात ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट मिळतं, लिटरभर पाण्यात २ मिलीलिटर टाकलं की १०० पीपीएम होतं. पाच मिनिटं ठेवा, निथळू द्या. पण दुधाचा ओशटपणा असताना क्लोरीन टाकून उपयोग नाही, ते त्या घाणीवरच खर्ची पडतं. म्हणून आधी घासणं.

उकळल्यावर "थोडं निवू देते" म्हणालात तिथं थर्मामीटर लावा. दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल मिळतो. ७० अंशांच्या आसपास फाडा, त्याहून फार खाली नको. गरम असताना फाडलं, गरम असताना दाबलं, म्हणजे ५ ते ६० या घातकी पट्ट्यात पनीर कमी वेळ राहतं. जंतू अनुकूल उबेत २०-२५ मिनिटांनी दुप्पट होतात. २० मिनिटं धरली तर तीन तासांत एकाचे ५१२, चार तासांत चार हजारांवर.

तोच थर्मामीटर फ्रीजमध्येही वापरा. पेलाभर पाणी रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवून सकाळी दार उघडल्या उघडल्या मोजा. घरगुती फ्रीज पाचावर आहे असं वाटतं आणि निघतो नऊवर, विशेषतः भरगच्च असेल तर. वीस किलोचा धंदा करायचा तर पनीरला वेगळा फ्रीज लागेल, हे धंद्याच्या हिशेबात आत्ताच धरा. लाइट गेली की दार उघडायचं नाही. चार तासांवर गेली तर आतलं पनीर केटररला द्यायचं नाही.

आता लॅबचे पैसे. दर आठवड्याला एक पाकीट पाठवणं बंद करा. त्याऐवजी एकदाच, एकाच दिवशी, एकाच घाण्यातले चार नमुने द्या. एक दाबून काढल्या काढल्या, पाण्यात न घालता. दुसरा पाण्यातून काढल्यावर. तिसरा कापून पाकिटात भरल्यावर. चौथं पाकीट तुमच्या फ्रीजमध्ये चार दिवस ठेवून. साल्मोनेला वगैरे महागाच्या तपासण्या सगळ्यांना नकोत, नुसते कोलिफॉर्म आणि यीस्ट-बुरशी करा. पहिला स्वच्छ आणि दुसऱ्यात कोलिफॉर्म, तर दोष पाण्याचा. पहिल्यातच असतील तर कापड किंवा पाट. दुसऱ्यापर्यंत स्वच्छ आणि तिसऱ्यात आले तर सुरी आणि हात. चौथ्यात एकदम उडी मारली तर फ्रीज. शिवाय बोअरच्या पाण्याची एक बाटली वेगळी, पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत. हे सगळं नवीन पद्धत सुरू करायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा केलंत, की फरक कागदावर दिसेल. केटररला तोच दाखवा. समजदार असेल तर एका पाकिटाच्या रिपोर्टपेक्षा त्याला तो जास्त पटेल.

कृष्णाकाठ:

काका, केटररशी बोलले. पहिल्यांदा म्हणाला, "एवढं काय, सगळेच देतात." मग म्हटलं, डोहाळजेवणात पनीर कच्चं कशात घालता? तर सॅलडमध्ये आणि काठीला लावून नुसतं वरवर शेकून. ते बंद करायला राजी झाला. माल दोन आठवड्यांनी सुरू करायचा ठरलं. तोवर चार नमुन्यांचं करते.

एक राहिलं. चक्क्याचं काय? तोही याच कापडात बांधते, तेही रात्रभर.

लॅक्टोमीटर:

चक्क्याला थोडी सवलत आहे. दही नीट लागलेलं असेल, म्हणजे पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) साडेचारच्या खाली उतरलेला असेल, तर लिस्टेरिया आणि स्टॅफ दोघांनाही तिथं वाढायला जड जातं. श्रीखंडात वर साखर पडते ती वेगळी. पण यीस्ट-बुरशीला आंबट नि गोड दोन्ही आवडतं. पाचव्या दिवशी डबा फुगला, फसफसला, दारूसारखा वास आला, तर ते यीस्ट. ते कापडातून आणि हवेतून येतं. रात्रभर उघड्यावर टांगू नका. फ्रीजमध्ये चाळणीवर बांधा, खाली पातेलं. वेळ जास्त लागेल, लागू दे. आणि विरजण रोज कालच्याच दह्याचं चालवत नेऊ नका. थंडीत ते मंदावतं, दही लागायला दहा-बारा तास घेतं, आणि डॉक्टर म्हणाले तशी नको त्यांना सवड मिळते. महिन्यातनं दोनदा नवीन विरजण आणा.

पेठेतला:

काका, माघार घेतो. आता एक सांगा, आम्ही कोपऱ्यावरच्या डेअरीतून सुटं पनीर आणतो, त्यात काय बघायचं? लॅबला तर आम्ही पाठवणार नाही.

लॅक्टोमीटर:

काउंटरवरच्या टबात पाण्यात तरंगत ठेवलेलं असेल तर घेऊ नका. त्या पाण्यात दिवसभर किती हात गेले ते दुकानदारालाही माहीत नसतं. काचेच्या फ्रीजमधलं, पाकिटावर तारीख असलेलं घ्या. बोटाला बुळबुळीत लागलं, कडेनं पिवळट पडलं किंवा आंबूस वास आला तर परत करा. फक्त लिस्टेरिया किंवा स्टॅफचं विष असेल तर वास, रंग, चव काहीही बदलत नाही, त्यामुळं वासावर सगळी भिस्त नको. घरी आणलं की दोन दिवसांत संपवा. भाजीत शेवटी भुरभुरवून गॅस बंद करू नका. तुकडे रश्शात घालून उकळी येऊ द्या, तुकडा मधोमध चटका बसेल इतका गरम झाला पाहिजे. आणि घरात कुणी गरोदर असेल, वर्षाच्या आतलं मूल असेल किंवा केमोथेरपी चालू असेल, तर त्यांच्या ताटातलं पनीर पाकीटबंद आणि शिजवलेलंच असू द्या.